भास्करने करून पाहिलेली पानं

फोनवर भास्करचं नाव दिसलं म्हणून मी उचलल्या उचलल्या म्हणालो, "बोल, आज माझं कुठलं पान चुकलं?" कोरेगाव भीमाच्या पुलाअलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. मी पुण्याला ऑफिसला निघालो होतो आणि अशा वेळी त्याचा फोन आला की वेळ बरा जायचा.  पलीकडून भास्करच्या बायकोच्या, अर्चनावहिनींच्या, धाकट्या भावाचा आवाज आला. "विलासभाऊ, मी दौंडवरनं बोलतोय… दाजी गेले. सकाळी छातीत कळ आली म्हणाले, दवाखान्यात नेईपर्यंत…" पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. मी गाडी वळवली, शिक्रापूरला आलो आणि न्हावऱ्याच्या रस्त्याने दौंडकडे निघालो. न्हावरे माझं गाव, पण घरी थांबायचंही सुचलं नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा होता, कुठं कांद्याची काढणी चालली होती, आणि माझ्या डोक्यात एकच खुळी गोष्ट फिरत होती… आपण फोन उचलताना जे बोललो ते त्या पोराने ऐकलं, आता त्याला काय वाटलं असेल.

त्याला काही आठवडे झाले. केंदूरला, त्याच्या गावी, दहाव्याला जमलेल्या माणसांत दोघातिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "भास्कर नेमकं करायचा काय हो? कॉम्प्युटरमधी हुता एवढं ठावं हाय." मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला आणि मला ते धड जमलं नाही. भास्करला जमलं असतं. अवघड गोष्ट समोरच्याला कळेल अशी सांगणं हाच त्याचा धंदा होता, आणि सांगितलेलं खरं आहे की नाही हे बघत राहणं हा त्याचा स्वभाव.

आमची ओळख शिरूरच्या कॉलेजातली. तो केंदूरहून एसटीने यायचा, मी न्हावऱ्याहून. एसटी स्टँडजवळ एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथले सर दुपारी मशीन मोकळी असली की आम्हाला बसू द्यायचे. मी गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायचो आणि तो शेजारी बसून त्याच खेळाची मदतीची पानं वाचायचा. मला ते विचित्र वाटायचं. समोर खेळ असताना माणूस सूचना कशाला वाचेल? पण त्याला त्यातच गोडी. वाचायचा, मग मला म्हणायचा, "इल्या, ते बटन दाब बघू… हितं म्हणत्यात गाडी उडी मारती." गाडी उडी मारायची नाही. भास्करला खेळ हरल्यापेक्षा त्याचं जास्त वाईट वाटायचं. क्लासच्या पुस्तकाचंही तेच. एकदा तो सरांना म्हणाला, "सर, पुस्तकातला हा मेनू आपल्या कॉम्प्युटरवर न्हाईच." सर म्हणाले, "परीक्षेला पुस्तकातलं लिही, मार्क मिळतील." भास्करने परीक्षेत दोन्ही उत्तरं लिहिली. आधी पुस्तकातलं, आणि खाली, 'प्रत्यक्षात असे दिसते' म्हणून दुसरं. तपासणाऱ्याने काय केलं असेल देव जाणे, पण तो पास झाला.

कॉलेजनंतर मी प्रोग्रॅमिंग शिकायला पुण्यात राहिलो आणि तो हायवेवरच्या एका कारखान्यात लागला. कामगारांना मशीन चालवायच्या सूचना सोप्या भाषेत लिहायच्या, त्यांचे बोर्ड करून मशीनवर लावायचे, असं काम त्याच्याकडे आपोआप आलं. मराठीत लिहायचाच, पण कामगार बरेचसे बिहार, यूपीकडचे, म्हणून हिंदीतही लिहायचा. त्यांच्यात बसून, त्यांना वाचून दाखवून, कुठला शब्द अडतो ते बघून लिहायचा. पत्रा दाबणाऱ्या एका प्रेसच्या बोर्डावर त्याने लिहिलं होतं की झाकण उचललं की मशीन आपोआप थांबतं. ते खरं होतं. पुढं एका सुट्टीच्या दिवशी त्या मशीनची दुरुस्ती झाली, वायरिंग बदललं, आणि आता आधी लाल बटन दाबणं गरजेचं झालं. दुरुस्ती करणाऱ्यांनी कामाचा रिपोर्ट वर दिला, पण बोर्ड लिहिणाऱ्याला सांगायचं असतं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. रामसूरत नावाच्या कामगाराने झाकण उचललं आणि हात आत घातला. त्याची बोटं गेली.

भास्कर त्याला दवाखान्यात भेटायला गेला तेव्हा मी त्याच्याबरोबर होतो. रामसूरत रागावलेला नव्हता. तो फक्त पुन्हा पुन्हा सांगत होता, "साहब, बोर्ड पे यही लिखा था। मैंने वही किया।" भास्कर त्याच्या उशाशी बसून राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, "बोर्ड नसता ना, तर त्यानं कुणाला तरी इचारलं असतं." मी त्याला समजावलं की तुझा काय दोष, तुला कुणी सांगितलंच नाही. तो म्हणाला, "मी इचारायला पाहिजे हुतं. लिहून झालं की आपलं काम संपत न्हाई, इल्या." रामसूरतला नुकसानभरपाई मिळावी म्हणून तो वर्षभर कामगार ऑफिसात खेटे घालत राहिला, ती मिळाली, आणि मग त्याने तो कारखाना सोडला.

तोवर मी एका छोट्या कंपनीत गेम इंजिनवर काम करू लागलो होतो. गेम इंजिन म्हणजे काय, ते भास्करच्याच शब्दांत सांगतो, कारण त्याच्याइतकं सोपं मला येत नाही. खेळ बनवणाऱ्या माणसाला खेळ सुचलेला असतो. पण त्यात वरून सोडलेला चेंडू खाली पडला पाहिजे, भिंतीला धडकून मागं आला पाहिजे, दिव्याखाली सावली पडली पाहिजे. हे सगळं प्रत्येकाने पहिल्यापासून करायचं म्हटलं तर जन्म जाईल. म्हणून ते सगळं आधीच करून ठेवलेलं एक यंत्र असतं, त्याला इंजिन म्हणायचं. आता ते यंत्र कसं वापरायचं हे कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे. ती पानं म्हणजे डॉक्युमेंटेशन. यंत्र दर काही महिन्यांनी बदलतं. पानं बदलली नाहीत तर ब्राझीलमधला नाहीतर नागपुरातला एखादा माणूस पानावर भरवसा ठेवून डोकं फोडत बसतो, आणि त्याला वाटतं चूक आपलीच आहे.

आमच्या कंपनीत ही पानं आम्ही प्रोग्रॅमरच लिहायचो, वेळ उरला तर. मी साहेबांना भास्करचं नाव सुचवलं. त्याचं तेव्हा लग्न झालं होतं, अर्चनावहिनी दौंडच्या शाळेत शिक्षिका, म्हणून तो दौंडला राहायचा. पुण्याला यायला त्याची ना नव्हती, पण घरून काम करायचं ठरलं आणि तो दौंडच्या घराच्या मागच्या खोलीत जो बसला तो शेवटपर्यंत.

आल्या आल्या त्याने आम्हा सगळ्यांना वैताग आणला. आम्ही लिहिलेलं प्रत्येक पान तो स्वतः करून बघायचा. कोडमध्ये डोकावायचा नाही, कुणाला विचारायचा नाही, पानावर जेवढं लिहिलं आहे तेवढंच, त्याच क्रमाने करायचा. अडला की फोन. "विलास, तू म्हणतोस भिंत घाला. घातली. तू म्हणतोस आता आरपार जाणार न्हाई. जातंय की." मी म्हणायचो, अरे, त्याला आधी वजन द्यावं लागतं, ते सगळ्यांना माहीत असतं. तो म्हणायचा, "मला न्हाई माहीत. मंजी सगळ्यांना न्हाई." या वाक्यापुढे माझं कधीच काही चाललं नाही.

हे करून बघण्यासाठी त्याने एक छोटा खेळ तयार केला होता. एक माळ, एक ओढा, काटेरी कुंपणाचा वाडा, आणि मेंढरं. त्याच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरंच होती, वर्षातले किती महिने माणसं रानोमाळ असायची. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, केंदूरला जमीन धरली आणि कांदा-बाजरी करू लागले. भास्करने मेंढरं पाहिली ती आजोळीच. पण खेळात त्याला तीच सुचली. इंजिनची नवी आवृत्ती आली की तो मेंढरं सोडायचा. ती कुंपणातून आरपार गेली की माझं पान चुकलेलं. ओढ्यात तरंगली की दुसऱ्या कुणाचं. हळूहळू तो खेळ आम्ही पानांबरोबरच देऊ लागलो आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी त्यावर इंजिन शिकून घेतलं.

एका दिवाळीला मी केंदूरला गेलो असताना त्याने तो आप्पांना दाखवला. आप्पांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं.

"कळपात कुत्रं न्हाई व्हय रं?" ते म्हणाले.

"घालतो की आप्पा."

"आन् म्हातारं कोण चाललंय ह्ये मागं?"

"आजोबा हाईत."

आप्पा पडद्याजवळ सरकले. पुन्हा थोडं बघितलं आणि म्हणाले, "पटका पांढरा कर त्याचा. तांबडा न्हाई घालायचे ते." मग उठून गोठ्याकडे गेले. भास्करने तिथल्या तिथे पटका पांढरा केला. तो माझ्याकडे बघून हसला, पण त्याला बरं वाटलं होतं हे दिसत होतं.

अशी वर्षं चांगली गेली. मी शिरूरला घर केलं, अधूनमधून दौंडला जायचो. जेवण झालं की आम्ही त्याच्या खोलीत बसायचो आणि पानांवरून भांडायचो. वाक्य लांबलं म्हणून भांडण, चित्र जुनं राहिलं म्हणून भांडण. वहिनी वह्या तपासता तपासता म्हणायच्या, "तुम्हा दोघांना ऐकलं तर लोकांना वाटेल बांधावरनं वाद चाललाय."

मग कंपनीचा व्याप वाढला आणि ऋचा मॅडम आमच्या प्रमुख झाल्या. बाई हुशार, कामाला वाघ. त्यांच्या काळातच कोड वाचून आपोआप पानं लिहिणारं सॉफ्टवेअर आलं. आठवड्यांचं काम दुपारभरात व्हायला लागलं. भाषा सुबक, एकही शुद्धलेखनाची चूक नाही. भास्करकडे फक्त नजर फिरवायचं काम उरलं, आणि पानं इतकी भराभर येत होती की नजरही पुरी पडेना. त्याने सांगितलं, करून बघायला वेळ द्या. मॅडम म्हणाल्या, "भास्कर, ही पानं तुझ्या-माझ्यापेक्षा नीट लिहिलेली आहेत." तो म्हणाला, "नीट हायेत मॅडम. खरी हायेत का ते बघायचंय." ती आवृत्ती तशीच बाहेर गेली.

महिन्याभराने नागपूरहून सबा नावाच्या मुलीचा मेल आला. ती एका दवाखान्यातल्या मुलांसाठी खेळ बनवत होती. भाजून हात आखडलेली लहान मुलं. कॅमेऱ्यासमोर हात उचलला, बोटं उघडली, की पडद्यावर झाड लागायचं. रोजच्या व्यायामाची रोज थोडी झाडं, अशी प्रत्येक मुलाची बाग. आमच्या पानावर लिहिलं होतं की जुन्या आवृत्तीत साठवलेलं सगळं नवीन आवृत्तीत जसंच्या तसं उघडतं. पान सुंदर होतं. आधी एक सेटिंग बदलावं लागतं, हे मात्र त्यात नव्हतं. सबाने नवी आवृत्ती टाकली आणि बागा पुसल्या गेल्या.

भास्करने मेलला उत्तर लिहिलं नाही, सरळ फोन लावला. मी त्या दिवशी दौंडलाच होतो, समोर बसून ऐकत होतो. सबा आधी शांतपणे बोलली, मग तिचा आवाज चढला. "तुमच्या पानावर लिहिलं होतं तसंच केलं मी. अगदी तसंच. इथे एक मुलगी रोज विचारते, दीदी, माझी झाडं कुठे गेली? तिला काय सांगू, सांगा."  मला रामसूरत आठवला, आणि त्यालाही तोच आठवला असणार. तो एवढंच म्हणाला, "ताई, तिला सांगा, शोधतोय. आणि तुमची काही चूक नाही, हे आधी ऐकून घ्या."

पुढचे काही दिवस तो दुसरं काही करत नव्हता. दवाखान्यातल्या काही कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती टाकूनही खेळ उघडलेला नव्हता, तिथल्या बागा वाचल्या. बाकीच्यांच्या गेल्या. त्या मुलीची, तिचं नाव परी, तिचीही गेलेली होती. शेवटी सबाला कळलं की परीच्या आईने पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला आहे. त्या फोटोवरून भास्कर आणि सबा दोघांनी मिळून एकेक झाड जिथल्या तिथे लावलं. परीला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, कोपऱ्यात एक लिंबू होतं. फोटोत तो कोपरा आलाच नव्हता. भास्करने लिंबू लावलं. "मोठं का छोटं, इचारा तिला," तो सबाला फोनवर म्हणत होता. "छोटंच," उत्तर आलं.

त्यानंतरच्या मीटिंगला तो मुद्दाम पुण्याला आला. सगळ्यांना वाटलं चिडेल, पण तो चिडला नाही. म्हणाला, "पानं मशीननं लिहू द्या, माझी ना न्हाई. पण पान बाहेर जायच्या आधी एका माणसानं ते स्वतः करून बघितलं पाहिजे. आन् ज्यानं बघितलं त्याचं नाव पानाच्या तळाला पाहिजे, कुठल्या आवृत्तीवर बघितलं त्यासकट." एक तरुण प्रोग्रॅमर म्हणाला, "सर, पण काही चुकलं तर लोक आम्हालाच धरतील." भास्कर म्हणाला, "धरू द्या की. कुणाला धरायचं ते त्यांना कळायला नको?"  मग ऋचा मॅडम म्हणाल्या, "पहिलं पान मी करते. कुठलं देतोस?" त्याने त्यांना सबाचं पान दिलं.

त्याच्या शेवटच्या वर्षात सगळं असं चाललं होतं. आम्ही पानं करून बघत होतो, तळाला नावं येत होती. सगळ्यात जास्त नाव अर्थात त्याचंच. आणि मग तो गेला.

दोन आठवड्यांपूर्वी नवी आवृत्ती तयार झाली. नियम त्याचाच होता: ज्या भागात बदल झाला त्या पानावरचं जुनं नाव काढायचं, पुन्हा करून बघणाऱ्याचं घालायचं. मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या, "या वेळी भास्करचं नाव आहे तिथे राहू द्यावं असं मला वाटतं. सगळ्या पानांवर."  सगळ्यांनी माना हलवल्या, मलाही ते हवंच होतं. पण घरी आल्यावर मला काही केल्या चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मी दौंडला गेलो आणि वहिनींना सांगितलं, तुम्ही म्हणाल तसं करू.

वहिनींनी मला मध्येच थांबवलं नाही, पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, त्यांनी बघितलेलं नसताना त्यांनी बघितलं असं लिहायचं? त्यांना काय वाटलं असतं, तुम्हीच सांगा. काढा तुम्ही नाव."

मग आम्ही पानं वाटून घेतली. मी माझ्या वाट्याची दौंडलाच त्याच्या खोलीत बसून करायची ठरवली, वहिनींनीच सांगितलं तसं. पान उघडायचं, त्यात आहे तसं करायचं, जमलं की त्याचं नाव खोडायचं आणि विलास लिहायचं. पहिल्या काही पानांना हात धजेना. नंतर सवय झाली… सवय झाली याचंच वाईट वाटायला लागलं.

संध्याकाळी वहिनी शाळेतून आल्या, दारात उभ्या राहिल्या. "झालं? सगळीच गेली का नावं?"

"एक आहे," मी म्हणालो. "आवाजाचं पान. त्या भागात कुणी काही बदललेलं नाही. ते नाव खरंच राहतंय."

त्यांनी खुर्ची ओढली. मी त्या पानाचा नमुना सुरू केला. लांबचा आवाज बारीक ऐकू यावा आणि जवळचा मोठा, हे कसं करायचं ते दाखवणारा. पडद्यावर एक माळ, एक पोरगा आणि रेल्वेचं फाटक. पोरगा फाटकाजवळ गेला की गाडीची शिट्टी मोठी होते, लांब गेला की विरत जाते. ती शिट्टी भास्करने गच्चीवर जाऊन स्वतः रेकॉर्ड केली होती, दौंडच्या गाड्यांची. मी पोराला फाटकापाशी नेलं. शिट्टी वाजली, आणि शिट्टीच्या मागे, अगदी स्पष्ट, खालच्या मजल्यावरून वहिनींचा आवाज आला, "अहो, जेवायला येताय ना?" आणि मायक्रोफोनजवळून त्याचा, "आलो गं. झालंच."

वहिनींनी पडद्यावरच्या पोराकडे बोट केलं. मला म्हणाल्या, "हे बाण दाबले की चालतो का तो?" मी हो म्हणालो आणि कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी पोराला लांब नेलं, पार माळाच्या टोकाला, काहीच ऐकू येईनासं झालं तिथवर. तिथे थोडा वेळ उभा केला. मग बाण दाबून त्याला परत फाटकाकडे चालवत आणायला लागल्या.